वार्निशचा वास

मोशीच्या जयदीपशेठच्या बंगल्यावर दर रविवारी दुपारी बारा वाजता व्हिस्कीची बैठक बसायची. प्यायची नव्हे हं, चाखायची. कुणी चुकून 'पार्टी' म्हणालं की जयदीप त्याला धरून बसवायचा आणि सिंगल माल्ट म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगायचा. एकाच डिस्टिलरीची, नुसत्या सातूची, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली. ज्या आजोबानं रानात हातभट्टी लावणाऱ्याला काठी घेऊन हाकललं, त्याचा नातू हे सांगताना असा रंगायचा की हा मोशीत नव्हे, स्कॉटलंडातच जन्मला असं वाटावं. असो. ज्याचं त्याचं वेड असतं, आणि जयदीपला ते परवडत होतं. घरची बारा एकर रस्त्यात आणि बिल्डरकडे गेली होती, तिच्या जागी तीन मजली बंगला, अठरा ट्रक आणि गच्चीवरची ही एसी खोली आली होती.

त्या खोलीत एक नियम होता. हिंदुरावनं वास घेऊन काहीतरी बोलल्याशिवाय कुणी ग्लास ओठाला लावायचा नाही.

हिंदुराव काही शेठ नव्हता. आयटीआय करून माणदेशातून आलेला माणूस, चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपचा सुपरवायझर, दिघीत दोन खोल्यांचा फ्लॅट, वय बावन्न. पण नाक मात्र देवानं फुरसतीनं घडवलेलं. थिनरचा ड्रम उघडला की हा चार पावलांवरून सांगायचा, 'यात भेसळ आहे, गेटवरनंच परत पाठवा.' लॅबचा रिपोर्ट दोन दिवसांनी यायचा आणि तेच म्हणायचा. जयदीपचे ट्रक त्याच कारखान्याला लागलेले. त्याच्या कानावर ही कीर्ती गेली, आणि एका रविवारी गंमत म्हणून त्यानं हिंदुरावला उचलून घरी आणलं आणि पुढ्यात तीन ग्लास ठेवले. हिंदुरावनं तोवर दिघीच्या एका फौजी मित्राकडची रम तेवढी प्यायलेली. त्यानं तिन्ही हुंगले आणि म्हणाला, "ह्याच्यात जळक्या लाकडाचा धूर आहे. ह्याच्यात मनुका. आणि हे तिसरं म्हणजे भिजलेलं गोणपाट वाळत घातल्यासारखं." सार्थकनं, म्हणजे जयदीपच्या हिंजवडीतल्या मित्रानं, मोबाइलवर शोधलं. विलायतेतल्या पंडितांनी थोड्याफार फरकानं तेच लिहून ठेवलेलं होतं. जयदीपनं टेबलावर थाप मारली आणि हिंदुरावचं बारसं केलं. त्या दिवसापासून तो त्या घरात 'नाक'.

तुम्हाला हसू येईल, पण त्या एका शब्दावर हिंदुराव तीन वर्षं जगला. कारखान्यात सव्वीस वर्षं काढून त्याला काय मिळालं होतं? पंचवीस वर्षांच्या पोरांनी इंग्रजीत झापायचं आणि ह्यानं 'येस सर' म्हणायचं. आणि इथं ट्रकांचा मालक, लाखाच्या पगाराचे आयटीवाले ग्लास हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत बसायचे. रविवारी सकाळपासूनच तो इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचा, कांदा खायचा नाही, तंबाखू तर कधीच सुटली. बायको, कस्तुरा, म्हणायची, "निघाले वास घ्यायला. घरात दूध करपलं तर कळत नाही." ते खोटंच होतं, त्याला कळायचं. पण तो हसून निघून जायचा.

आता मधे एक गोष्ट झाली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दिवाळीनंतर जयदीपचा पाहुणा, दिग्विजय म्हणून, दुबईवरून एक बाटली घेऊन आला होता. हिंदुरावनं हुंगली आणि आपल्या नेहमीच्या सरळपणानं म्हणाला, "ही अस्सल नाही." दिग्विजय असा भडकला की ताट भिरकवायचा बाकी राहिला. सार्थकनं बाटलीवरचा नंबर कंपनीला ईमेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं, बाटली शंभर टक्के खरी, फक्त बूच खराब झाल्यानं चव बिघडली असावी. झालं. म्हणजे बिघाड त्याला बरोबर कळला होता, नुसतं नाव चुकलं होतं. पण ते कोण बघतो. "हिंदुरावांच्या नाकात थिनर भरलाय राव," असं कुणीतरी बैठकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, त्यावर पंधरा जण हसले, आणि पुढचे दोन रविवार हिंदुरावला फोनच आला नाही.

ते दोन रविवार त्यानं दिघीतल्या फ्लॅटच्या खिडकीत बसून काढले. इस्त्रीचा शर्ट घालून. तिसऱ्या रविवारी फोन वाजला तो त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. त्यानं मनाशी पक्कं ठरवलं, काही झालं तरी यापुढे कुणाची बाटली खोटी म्हणायची नाही. माणसानं एकदाच तोंडघशी पडावं.

तर तो मे महिन्यातला रविवार. जयदीपची पोरगी करिष्मा दहावीला ब्याण्णव टक्क्यांनी पास झाली होती आणि बाप हवेत होता. तिच्या जन्माच्या साली, दोन हजार नऊला पिंपात भरलेली एक बाटली त्यानं वर्षभर कपाटात जपून ठेवली होती. ग्लेन ऑर्वन नावाची. कुणा एजंटकडून, विमानतळावरचा माल म्हणून घेतलेली. ती त्या दिवशी उघडायची होती.

खोलीत चौघंच होते. जयदीप, हिंदुराव, सार्थक आणि सार्थकची बायको निशिगंधा, जी त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. खाली ओट्यावर जयदीपचे वडील कोंडाजी, म्हणजे सगळ्यांचे तात्या, नेहमीसारखे पाठ करून बसले होते. वर चाललेल्या प्रकाराशी आपला संबंध नाही हे ते दर रविवारी असंच दाखवायचे.

बैठकीची सुरुवात बातम्यांनी व्हायची. ते काम सार्थकचं. ब्रिटनशी करार ठरलाय, स्कॉचवरचा कर निम्म्यावर येणार, मग काय मजा. गोव्याकडची एक आपली देशी सिंगल माल्ट कुठल्याशा स्पर्धेत पहिली आलीय. मग तो पिंपातून दरसाल उडून जाणाऱ्या दारूकडे वळला. तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, आणि आपल्याकडच्या उन्हात तो कितीतरी पट जास्त असतो.

"म्हणजे आपले देवदूत जास्त पितात," जयदीप म्हणाला.

"मोशीतले असणार," सार्थक म्हणाला, आणि सगळे हसले.

शेवटी त्यानं ग्लेन ऑर्वनबद्दल कुणा परदेशी माणसानं लिहिलेलं वाचून दाखवलं. पहिल्या वासाला ताजं वार्निश, मग पिकलेलं पेअर, मग जुनं कातडं. "वार्निश ऐकून घाबरू नका," सार्थक निशिगंधाला म्हणाला, "काही चांगल्या व्हिस्कीत असा वास असतोच. जाणकारांना तो आवडतो." हे खरंही होतं. तेच तर वाईट झालं.

आधी दोन नेहमीच्या बाटल्या झाल्या. जयदीपनं त्यातलं काही घेतलं नाही, जीभ कोरी ठेवायची म्हणाला. मग त्यानं ग्लेन ऑर्वनचं बूच काढलं, चार ग्लासांत थोडी थोडी ओतली, आणि पहिला ग्लास रिवाजाप्रमाणे हिंदुरावच्या हातात दिला.

हिंदुरावनं नाक ग्लासात घातलं आणि त्याला पेंट शॉप दिसलं.

वार्निश नव्हे, थिनर. निळ्या ड्रममधला, हलक्यातला, जो पुरवठादार दर दिवाळीला खपवायला बघतात. वर थोडी जळकी साखर आणि रंग. सव्वीस वर्षं ज्या वासात काढली तो वास त्याला कळणार नाही? कारखान्यात असता तर हात वर करून ओरडला असता, 'बंद करा, परत पाठवा.' इथं त्यानं मान वर केली तर समोर तीन चेहरे. जयदीप असा बघत होता, जणू पोरीचा निकाल पुन्हा लागायचाय.

"बोला भाऊ," जयदीप म्हणाला.

हिंदुरावनं पुन्हा एकदा वास घेतला. तो एक वास घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्यानं स्वतःची समजूत काढली. आपलंच नाक चुकत असेल. मागे चुकलंच होतं. वार्निश असतं म्हणून त्या परदेशी माणसानंही लिहिलंय. आणि आज ह्याच्या पोरीच्या आनंदात माती कालवायची का?

"वार्निश आहे," तो म्हणाला. "अगदी ताजं. मागनं पेअर येतंय."

जयदीपनं डोळे मिटून घेतले, इतका तो सुखावला.

निशिगंधानं ग्लास नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "मला तर हे नेलपॉलिश रिमूव्हरसारखं येतंय," ती म्हणाली. "हे प्यायचं असतं?"

इथं हिंदुरावला दार उघडून मिळालं होतं. नवी बाई बोलली, आपण नुसती मान डोलवायची होती. पण माणूस एकदा पाटावर बसला की उठवत नाही. "मॅडम," तो हसून म्हणाला, "हाच तर हिचा गुण आहे. नाकाला सवय लागावी लागते."

ती ओशाळली आणि ग्लास बाजूला ठेवून शेंगदाणे खात बसली. सार्थकनं आपला संपवला. जयदीपनं आपला संपवला आणि परत भरला. हिंदुरावनं एक घोट तोंडात घेतला, घोळवला आणि टेबलाखालच्या भांड्यात थुंकला. चाखणारे थुंकतात, त्यात नवल काही नव्हतं, आणि त्याला दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यानं त्यानंतर तीनदा पाण्यानं चूळ भरली. ते कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी सात वाजता तो दिघीत भाजी घेत होता तेव्हा मोबाइल वाजला. जयदीपनं फोटो पाठवला होता. ग्लेन ऑर्वनची बाटली, निम्म्याच्या खाली गेलेली, मागे सोफ्यावर करिष्मा हसतेय. खाली लिहिलेलं, 'लेकीच्या नावानं आज संपवणार. नाक झिंदाबाद.'

हिंदुराव भेंडीच्या ढिगाऱ्यासमोर उभा राहिला. त्यानं लिहिलं, 'शेठ आता बास करा, मला ती बाटली बरोबर वाटली नाही.' वाचलं. मग दुपारचे आपलेच शब्द त्याला आठवले. 'मग दुपारी का बोलला नाहीत?' असं विचारलं तर? त्यानं सगळं पुसलं आणि अंगठा पाठवला. एक पिवळा अंगठा, बस. भाजीवालीनं दोनदा विचारलं, "दादा, किती देऊ?" तरी त्याला ऐकू गेलं नाही.

सोमवारी सकाळी पेंट शॉपमधे मोबाइल चालत नाही, तो लॉकरमधे. साडेनऊच्या चहाला त्यानं काढला तेव्हा सार्थकचे सहा फोन येऊन गेले होते. त्यानं उलट लावला.

"जयदीपला ॲडमिट केलंय," सार्थक म्हणाला. "पहाटेपासून उलट्या. माझंही पोट बिघडलंय, पण त्याचं जास्त आहे. डॉक्टर म्हणतायत कालचं मटण बाधलं असेल. पण भाऊ, तो एक विचित्रच सांगतोय. म्हणतो सगळं पांढरं दिसतंय, धुक्यात बसल्यासारखं."

कँटीनच्या भिंतीवर सेफ्टीचा तक्ता होता. कुठल्या रसायनानं काय होतं त्याची चित्रं. मिथेनॉलसमोर एक डोळा काढलेला होता आणि त्यावर फुली. हिंदुराव दरसाल नव्या पोरांना त्या तक्त्यासमोर उभं करून तो डोळा दाखवायचा. 'हे पोटात गेलं तर आधी नजर जाते, मग माणूस. एकेक तास मोलाचा. लपवू नका, लगेच सांगा.' हे त्याचं पाठ झालेलं भाषण होतं. त्यानं ते सत्तर-ऐंशी पोरांना तरी दिलं असेल.

"भाऊ? ऐकताय ना?"

"ऐकतोय," हिंदुराव म्हणाला. "डॉक्टर आहेत ना तिथं. ते बघतील."

फोन ठेवला आणि तो कामावर गेला. मी त्याची बाजू घेणार नाही, घेण्यासारखी नाहीच. पण त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. बाटली म्हटलं की पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कधी कळलं? आणि त्या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. म्हणून तो स्वतःला सांगत राहिला की मटणच असेल, उन्हाळ्यात बाधतं. डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांना कळेल. दहा वाजले, अकरा वाजले. बूथमधून गाड्यांची दारं पांढरी होऊन येत होती आणि तो एकेका दारावरून हात फिरवत होता. साडेबाराला त्यानं सुट्टीचा फॉर्म मागितला, लिहिला, फाडला. साडेतीनला शिफ्ट सुटली. चाकण चौकात नेहमीचा जाम. कंटेनरच्या मागे दुचाकीवर अडकून पडला असताना तो पहिल्यांदा रडला, हेल्मेटच्या आत, आणि मग फुटपाथवरून, उलट्या बाजूनं, लोकांच्या शिव्या खात त्यानं गाडी हाणली.

पाच वाजता तो भोसरीतल्या हॉस्पिटलमधे पोचला आणि वॉर्डच्या दारात डॉक्टरला गाठलं.

"साहेब, मटण नाही. काल एक बाटली उघडली होती. तिच्यात थिनर असणार, मिथेनॉल. मी पेंट शॉपला आहे. आज ड्रम उघडला आणि एकदम आठवलं, वास तोच होता."

'आज आठवलं.' हे वाक्य त्यानं येताना रस्त्यात तयार केलं होतं.

डॉक्टर भला माणूस होता, त्यानं उलट प्रश्न केला नाही. धावपळ सुरू झाली. रक्त तपासायला गेलं, औषध मागवलं, जयदीपला डायलिसिसला नेलं. सार्थकलाही ठेवून घेतलं. रात्री आठला डॉक्टर बाहेर आले. जयदीपची बायको उत्कर्षा, तात्या, निशिगंधा, हिंदुराव, सगळे उभे राहिले.

"जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले. "यांनी सांगितलं नसतं तर रात्र निघाली नसती. सार्थकनं आधी चांगली दारू घेतली होती, ती ह्या विषाला काही वेळ अडवते, आणि ही थोडीच घेतली, म्हणून तो बचावला. पण जयदीपच्या डोळ्यांचं मला सांगता येत नाही. सकाळी दहा-अकराच्या आत कळलं असतं तर बहुतेक वाचले असते."

 उत्कर्षानं हिंदुरावचे दोन्ही हात धरले. "भाऊजी, तुम्ही देवासारखे आलात," ती म्हणाली. "तुम्ही नसता तर माझं कुंकू गेलं होतं."

हिंदुरावचे हात तिच्या हातात लाकडासारखे पडून राहिले.

निशिगंधा पाण्याच्या कुलरपाशी त्याच्याकडे आली. तिचा आवाज शांत होता. "काका, काल मी म्हणाले तेव्हा तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"न्हाई," हिंदुराव म्हणाला. खूप वर्षांनी त्याच्या तोंडून गावाकडचा 'न्हाई' आला. ती नवऱ्याच्या खोलीकडे निघून गेली.

पोलीस आले, पंचनामा झाला. बाटली खरी, खोका खरा, आतला माल खोटा. मोठ्या बंगल्यांतून आणि हॉटेलांतून रिकाम्या बाटल्या भंगारात जातात आणि भरून परत येतात, हे पोलिसांनी असं सांगितलं की जणू दुधाच्या पिशव्यांबद्दल बोलतायत. एजंटचा फोन बंद होता आणि तो बंदच राहिला.

जयदीप तीन आठवड्यांनी घरी आला. त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. खिडकी कुठं आहे ते कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

पुढच्या रविवारी तात्यांनी हिंदुरावला निरोप धाडला, जेवायलाच ये. तो गेला तर ओट्यावर पाट मांडलेला. ज्या म्हाताऱ्यानं तीन वर्षं त्याच्याकडे पाठ केली होती, त्यानं स्वतः उठून त्याला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. भावकीतली चार माणसं बघत होती. "ह्यानं माझं पोरगं परत आणलं," तात्या त्यांना म्हणाले. मग ते वाकले. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा हिंदुरावच्या पायाकडे वाकला, आणि हिंदुरावनं त्यांना मधेच धरलं.

"तात्या, जरा बाजूला चला," तो म्हणाला. "माझ्यासाठी एवढं करा."

बंगल्यामागे ट्रक धुवायची जागा होती. तिथं ओल्या फरशीवर उभं राहून हिंदुरावनं सगळं सांगितलं. पहिला वास, वार्निश, निशिगंधाला दिलेलं उत्तर, पुसलेला निरोप, अंगठा. आणि सकाळचे साडेनऊ ते संध्याकाळचे पाच. एकही गोष्ट त्यानं कमी करून सांगितली नाही. "मला दोन ऐतवार बोलावलं नव्हतं, तात्या," तो शेवटी म्हणाला. "पुन्हा बोलावणार नाहीत ह्याची भीती वाटली. एवढ्यासाठी झालं हे."

तात्यांनी टपकणारा नळ पिळून बंद केला. हिंदुरावला वाटलं, आता हा म्हातारा आपल्या तोंडात मारेल, आणि त्यानं मारावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

"अजून कुनाला सांगितलंस?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग सांगू नगंस." त्यांचा आवाज चढलाही नाही. "आतमदी माझं पोरगं बसलंय. त्येला दिसत न्हाई. त्यो दिसभर येकच बोलतो, की हिंदुराव आला म्हनून मी वाचलो, जगात कुनी तरी आपलं हाय. त्येवढं येकच राह्यलंय त्येच्यापाशी. त्ये बी तू घिऊन चाललास व्हय? तुजं मन हलकं व्हावं म्हनून?"

हिंदुरावनं डोक्यावरची टोपी काढायला हात वर नेला.

"तू दर ऐतवारी यायचंस," तात्या म्हणाले. "त्येच्या शेजारी बसायचं, हात धरून रानापतुर फिरवून आनायचं. कंटाळा आला, लाज वाटली, पाऊस आला, काय बी झालं तरी यायचं. मी हाय तवर मी वट्यावर बसून बघंन. मी गेल्यावर तुजं तू बघ." त्यांनी त्याच्या डोक्यावरची तिरकी झालेली टोपी दोन्ही हातांनी सरळ केली. "आनि ही टोपी काढायची न्हाई. घालूनच यायचं. आता चल आत, पोरगं वाट बघतंय."

एवढं बोलून म्हातारा पुढे चालू लागला. त्याची पाठ थरथरत होती ते हिंदुरावला मागून दिसत होतं.

जयदीप हॉलमधे सोफ्यावर बसला होता. काळा चष्मा त्यानं काढून मांडीवर ठेवला होता. पावलं ऐकून त्यानं मान वळवली, पण चुकीच्या दिशेला, दाराऐवजी टीव्हीकडे.

"भाऊ आले का?"

"आलो शेठ," हिंदुराव म्हणाला आणि त्याच्या शेजारी बसला. जयदीपचा हात चाचपडत आला आणि त्याच्या मनगटावर घट्ट बसला.

"भाऊ, एक विचारू? घरातले मला सगळं छान छानच सांगतात. करिष्मानं केस कापलेत म्हणे. तिची आई म्हणते छान दिसतात, तात्या म्हणतात छान दिसतात. तुम्ही सांगा. तुमच्यावर माझा भरवसा आहे. कशी दिसते माझी पोरगी?"

करिष्मा समोरच्या दारात उभी होती. तिनं हिंदुरावकडे बघून पटकन बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. तिच्यामागे उत्कर्षा उभी होती, आणि ओट्यावरून, उघड्या दारातून, तात्या बघत होते.

हिंदुरावनं मान वळवून करिष्माकडे नीट पाहिलं.

"केस खांद्याच्या वर कापलेत," तो म्हणाला. "एका बाजूला कमी-जास्त झालेत. घरीच कापले असणार, कात्रीनं. तिला शोभत नाहीत. डोळे सुजलेत, शेठ. खाली काळं आलंय. रात्र रात्र झोपत नसणार. ड्रेस निळा आहे, पण तो सैल होतोय, वाळलीय ती. आता उभी आहे दारात. तुमच्याकडं बघून रडतेय, आणि मला सांगतेय की सांगू नका."

 जयदीपच्या उघड्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण त्यानं मनगट सोडलं नाही, उलट आणखी आवळलं.

"अजून सांगा," तो म्हणाला.